दुसरं ध्वनिमुद्रण

बेथोव्हनची पाचवी सिंफनी मी सतरा वर्षं अपुरी ऐकत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

1987 साली माझ्या मावसभावाने मुंबईहून बुलढाण्याला येताना एक कॅसेट आणली. हर्बर्ट फॉन कारायान, बर्लिन फिलहार्मोनिक, मुद्रण 1962चं. आमच्या घरात भीमसेन होते, माणिक वर्मा होत्या, नाट्यगीतांच्या चार-पाच कॅसेटी होत्या. अनेक वाद्यं एकत्र वाजताना ऐकायची म्हणजे लग्नातला बँड किंवा पोलीस परेडचा. त्यामुळे या कॅसेटशी ताडून पाहायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. लाइट गेली की टेप सेलवर चाले आणि सेल उतरले की सगळा वाद्यवृंद हळूहळू पट्टी सोडून खाली घसरत जाई. ती घसरगुंडी मात्र मला लगेच कळायची, कारण पेटीवर सूर धरायची सवय होती. बाकी जे वाजलं ते खरं.

2004 मध्ये पुण्यात कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकची सीडी मिळाली. मुद्रण 1974चं. पहिला भाग ऐकून मी उठून उभा राहिलो. पण चौथ्या भागात, सुमारे दोन मिनिटांनी, संगीत सरळ पुढे जायच्या ऐवजी पुन्हा त्या भागाच्या पहिल्या सुरावर येऊन उभं राहिलं. डिस्क अडकली असं वाटून मी ती काढली, बनियनला पुसली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. दुकानात परत द्यायला जायच्या आधी एका मित्राकडून छापील स्वरलिपी मागवली. त्यात पंच्याऐंशीएक मापांनंतर दोन उभ्या रेषा आणि दोन टिंबं स्पष्ट छापलेली होती: इथून मागे जा. क्लायबर बेथोव्हनचं ऐकत होता. कारायानने ती पुनरावृत्ती गाळली होती, आणि मी ते गाळणं म्हणजेच पाचवी सिंफनी असं समजत होतो.

ध्वनिमुद्रणांची तुलना हा फावल्या वेळचा, थोडा श्रीमंती छंद मानला जातो. कोणाकडे किती डिस्क आहेत, कोणाची 'नववी' श्रेष्ठ, असल्या गप्पा. मोठ्या शहरातल्या श्रोत्याला तो छंद असेलही, कारण त्याला प्रत्यक्ष मैफल आहे. आमच्यासारख्यांना सिंफनी भेटते ती फक्त मुद्रणातून. ज्याने वाद्यवृंद पाहिलेलाच नाही त्याला रचना कुठे संपते आणि वाजवणारा कुठे सुरू होतो हे पहिल्या मुद्रणावरून कळू शकत नाही. दुसरं हाती आलं की पहिल्यांदा फट दिसते. या लेखात मी त्या फटींबद्दलच बोलणार आहे. कोणतं मुद्रण सर्वोत्तम, याचा निकाल लावण्यात मला रस नाही. माझी आवडनिवड मात्र लपणार नाही.

सुरुवातीपासून बघू. पाचवीचे पहिले चार ठोके जगाला माहीत आहेत: तीन आखूड, एक लांब. स्वरलिपीत मात्र पहिल्या मापाच्या तोंडाशी एक विराम आहे. आधी रिकामी जागा, मग तीन सूर. समेवरचा आघात गिळून किंचित मागून उचललेला मुखडा असतो, तसं. मग लांब सुरावर थांबण्याची खूण. पुन्हा तीन सूर, पुन्हा थांबा. पण हा दुसरा थांबा बेथोव्हनने एका मापाने लांबवला आहे. किती थांबायचं हे लिहिलेलं नाही. दुसऱ्यांदा जास्त, एवढंच.

आता मुद्रणं लावा. विल्हेल्म फुर्टवेंगलर 1947च्या मे महिन्यात बर्लिनला परतला. युद्धानंतरच्या बंदीनंतरचा बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरचा तो पहिलाच कार्यक्रम, आणि त्यात पाचवी होती. त्याचं मुद्रण उपलब्ध आहे. त्यात हे दोन्ही थांबे इतके लांब आहेत की वाद्यवृंदाचा श्वास संपेल असं वाटतं. चार ठोके एखाद्या ग्रंथाच्या शीर्षकासारखे बाजूला उभे राहतात आणि मजकूर नंतर सुरू होतो. क्लायबरच्या हाती तेच ठोके आधीच धावत सुटलेल्या गोष्टीचं पहिलं वाक्य होतात. थांबा आहे, पण पाय वळवळत असतो. ऑटो क्लेंपररच्या फिलहार्मोनियाबरोबरच्या 1959च्या मुद्रणात घाई नाही, उसासाही नाही. दगड रचल्यासारखे सूर. क्लायबरला पहिला भाग वाजवायला सव्वासात मिनिटांहून थोडं अधिक लागतं, क्लेंपररला त्याहून मिनिटभराहून जास्त, आणि दोघंही तेच सूर तितक्याच वेळा वाजवतात.

लय किती असावी याचं उत्तर बेथोव्हनने स्वतःच दिलं होतं. मेट्रोनोम नवा होता. 1817 मध्ये त्याने आपल्या तोवरच्या आठही सिंफनींसाठी आकडे छापले. पाचवीच्या पहिल्या भागाला मिनिटाला 108. पुढची शंभरेक वर्षं बहुतेकांनी हे आकडे बाजूला ठेवले. बेथोव्हनचं यंत्र बिघडलं असेल, तो बहिरा होता, अशी कारणं दिली गेली. जॉन एलियट गार्डिनरने जुन्या धाटणीच्या वाद्यांवर सगळ्या सिंफनी वाजवल्या, तो संच 1994 मध्ये आला; त्यात हे आकडे गांभीर्याने घेतले आहेत, आणि ते वाजवता येतात हेही दिसतं. म्हणून क्लेंपरर चूक ठरतो का? माझ्या मते नाही. विलंबित ख्यालाची लय एका पिढीने फार खाली आणली म्हणून आपण आधीच्यांना किंवा नंतरच्यांना खोटं म्हणत नाही. पण ती खाली आणलेली आहे हे माहीत असायला हवं. क्लेंपररची लय हा क्लेंपररचा विचार आहे, हे मला गार्डिनर ऐकल्यावर कळलं.

गार्डिनरच्या मुद्रणात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती एकदा ऐकली की कानातून जात नाही. पहिल्या भागात दुसरी कल्पना यायच्या आधी हॉर्न ललकारी देतात. पुढे तोच मजकूर दुसऱ्या पट्टीत परत येतो तेव्हा बेथोव्हनने ती ललकारी बासूनांना दिली आहे. बासून म्हणजे लाकडी, खर्जातलं, जरा घोगरं वाद्य. कारण व्यवहारी होतं: त्या काळच्या हॉर्नला झडपा नव्हत्या, नव्या पट्टीतले ते सूर त्यावर निघत नसत. पुढे झडपांचे हॉर्न आले आणि अनेक संचालकांनी ही जागा परस्पर हॉर्नकडे वळवली; 'बेथोव्हनला हेच हवं असणार' असं म्हणून. गार्डिनर ती बासूनांकडेच ठेवतो. पहिल्यांदा ऐकताना मला हसू आलं. राजाच्या आगमनाची वर्दी शिपायाऐवजी म्हाताऱ्या कारकुनाने द्यावी तसं ते वाटतं. चार-सहा वेळा ऐकल्यावर हसू गेलं. पहिल्यांदा जे दिमाखात आलं ते दुसऱ्यांदा थोडं थकून, थोडं हट्टाने येतं, आणि त्या भागाचा शेवट इतका कडवट का आहे याची तयारी तिथे होते. बेथोव्हनला हे अभिप्रेत होतं की ही निव्वळ अडचण होती, हे ठरवायचं कसं? अडचणीतून निघालेली जागा कधी कधी रचनेचा भाग होऊन बसते. जुन्या नाटकमंडळीत नट आयत्या वेळी बदलला म्हणून पदाची पट्टी बदलली आणि पुढे तीच रूढ झाली, असं आपल्याकडे घडलेलं आहेच.

आता पुनरावृत्तीकडे परत येतो, कारण माझा खरा वाद तिथे आहे.

तिसऱ्या भागाच्या शेवटी सगळं संगीत विरतं. तारवाद्यं एक सूर धरून बसतात आणि त्याखाली टिंपनी, म्हणजे आपल्या नगाऱ्याच्या जातीचं वाद्य, पन्नासेक मापं हलके हलके ठोके देत राहते. अंधारात कोणीतरी चालत असावं तसं. मग आवाज फुगत जातो आणि मध्ये विश्रांती न घेता चौथा भाग उजाडतो. तीन ट्रॉम्बोन, एक पिकोलो, एक काँट्राबासून: ही मंडळी तोवर गप्प होती, ती इथे पहिल्यांदा तोंड उघडतात. कारायानच्या कॅसेटवर ही जागा मी किती वेळा ऐकली असेल याची गणती नाही. हा उजेड अंधारातून आलेला आहे म्हणून त्याला किंमत आहे.

पुनरावृत्ती घेतली की हाच उजेड दोन मिनिटांनी पुन्हा येतो, पण आता त्याच्यामागे अंधार नसतो. लख्ख दुपारी पुन्हा सूर्य उगवावा तसं. पुनरावृत्ती गाळणाऱ्यांची बाजू इथे भक्कम आहे, आणि कितीतरी दिवस मी त्याच बाजूचा होतो. 78 फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळात तर गाळण्याला आणखी एक कारण होतं. आर्टुर निकिशने 1913 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर पाचवी मुद्रित केली, ती संपूर्ण सिंफनींच्या अगदी आरंभीच्या मुद्रणांपैकी एक. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटं मावत. अर्ध्या तासाच्या रचनेसाठी सात-आठ वेळा उठून तबकडी उलटायची. त्यात दोन मिनिटांचा तोच मजकूर पुन्हा कोण घालेल?

माझं मत बदललं ते चौथ्या भागाच्या मध्यावर. तिथे एकाएकी सगळा जल्लोष थांबतो आणि तिसऱ्या भागातली ती दबकी चाल, टिंपनीसकट, थोडा वेळ परत येते. पिशाच्च दारात उभं राहून गेल्यासारखी. कारायानकडे पुनरावृत्ती नसल्यामुळे ही जागा साधारण चौथ्या मिनिटाच्या आसपास येते. आपण अंधारातून नुकतेच बाहेर पडलेलो असतो, त्यामुळे ती आठवण वाटते. क्लायबरकडे ती त्यानंतर दोन मिनिटांनी येते. तोवर दोनदा उजाडलेलं आहे, विजय दोनदा जाहीर झालेला आहे, आपण मागचं विसरलेलो आहोत, आणि तेव्हा ती येते. मग ती आठवण राहत नाही. आपण समजत होतो ते संपलेलं नव्हतं, असं वाटून पोटात खड्डा पडतो. दुसरा सूर्योदय पोकळ वाटतो ही तक्रार खरी आहे. पण त्याचा पोकळपणा असा वसूल होतो. पुनरावृत्ती घ्यावीच, असं आता मी म्हणतो.

तरी एक कबुली देतो. आजही कारायानचंच मुद्रण लावलं तर चौथ्या भागात मला काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. क्लायबर लावला की मात्र अजूनही त्या जागी क्षणभर डिस्क अडकल्याचा भास होतो. सतरा वर्षांचा कान आहे, तो युक्तिवादाला भीक घालत नाही.

पहिल्या मुद्रणाची ही सत्ता आपल्याकडेही आहे, आणि तिचा हिशेब आपण फारसा करत नाही. 1902 साली कोलकात्यात गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला तेव्हापासून पन्नासेक वर्षं आपला ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत गायला गेला. सिंफनीचे तुकडे करून आठ बाजूंवर पसरता आले, कारण ती लिहिलेली होती. ख्यालाला ते शक्य नव्हतं. गायकाने राग दाबून, पिळून एका बाजूत बसवला. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ही अशीच एक बाजू. गदगच्या भीमसेन जोशींनी ती तबकडी लहानपणी ऐकली आणि 1933 मध्ये, अकराव्या वर्षी, गाणं शोधायला घर सोडलं. ते अखेर पोचले खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे, कुंदगोळला. तीच ठुमरी पुढे सैगलने 'देवदास'मध्ये म्हटली, जवळजवळ सगळी कलाकुसर उतरवून, एखादा माणूस एकटाच गुणगुणतो तशी. ज्याने सैगल आधी ऐकला त्याला खाँसाहेबांच्या हरकती जास्त वाटतात. ज्याने खाँसाहेब आधी ऐकले त्याला सैगल रिकामा वाटतो. भीमसेनांनीही ती गायली आहे, आणि त्यांच्या गाण्यात मला खाँसाहेबांचा तो टोकदार, पातळ सूर कुठेच मिळत नाही. ज्या आवाजासाठी घर सोडलं तो आवाज त्यांनी उचलला नाही. भरदार, जमिनीवर पाय रोवलेला स्वतःचा आवाज लावला. ही तीन मुद्रणं लागोपाठ ऐकली तर झिंझोटीबद्दल जे कळतं ते कोणत्याही एकावरून कळत नाही. आपली तुलना मात्र बहुतेक वेळा घराण्याच्या वकिलीत संपते. कोण मोठा, इथे ती सुरू होते आणि तिथेच बसते.

क्लायबरच्या घरीही एक घराणं होतंच. वडील एरिख क्लायबर यांची पाचवी अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ वाद्यवृंदाबरोबर 1953 साली मुद्रित झाली आहे. मुलाची ऐकून मग बापाची ऐकली की मुलाच्या वेगातला अर्धा जोर कुठून आला ते दिसतं. फक्त बापाकडे तो ताठ, कोरडा, जवळजवळ लष्करी आहे. मुलाकडे त्याला कमरेत लवचीकपणा आला.

आणि झुबिन मेहता. मराठी वाचक त्यांचं नाव अभिमानाने घेतो, त्यांची मुद्रणं फार कमी ऐकतो. मुंबईत जन्म 1936चा. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक; 1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. झुबिन वाढले ते वडिलांच्या वाद्यवृंदाच्या तालमी आणि घरच्या तबकड्या ऐकत. 1954 मध्ये अठराव्या वर्षी ते व्हिएन्नाला शिकायला गेले आणि तिथल्या म्युझिकफेराइन सभागृहात कार्ल ब्योमने संचालन केलेली ब्राम्सची पहिली सिंफनी त्यांनी ऐकली. घरी तबकड्यांवर पाठ झालेलं संगीत तिथे समोर वाजत होतं. तो अनुभव ते पुढे आयुष्यभर सांगत आले आहेत. हे वाचलं तेव्हा बुलढाणा आणि कफ परेड यांतलं अंतर मला जरा कमी वाटलं.

त्याच व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर मेहतांनी 1975 मध्ये माहलरची दुसरी सिंफनी मुद्रित केली. गायिका इलियाना कोत्रुबाश आणि क्रिस्टा लुडविग. ती मी नागपूरला एका मित्राकडे एलपीवर ऐकली. माहलरने पहिल्या भागानंतर सूचना लिहिली आहे: इथे किमान पाच मिनिटं थांबावं. पहिला भाग म्हणजे प्रेतयात्रा. तो वीस-एकवीस मिनिटांचा आहे आणि एलपीची एक बाजू भरतो. मित्र उठला, तबकडी उलटली, चहाचं आधण ठेवून आला. माहलरचं म्हणणं आपोआप पाळलं गेलं. क्लेंपररचं मुद्रण एकूण एकोणऐंशी मिनिटांचं, एकाच सीडीवर बसवलेलं. तिथे प्रेतयात्रा संपून काही सेकंदांत दुसऱ्या भागातलं गोड नृत्य सुरू होतं आणि अंगावर येतं. गंमत अशी की तरुणपणी क्लेंपररने याच सिंफनीतला पडद्यामागचा वाद्यमेळ सांभाळला होता, खुद्द माहलर हजर असताना. लिओनार्ड बर्नस्टाइनच्या न्यूयॉर्कच्या 1987च्या मुद्रणाला नव्वद मिनिटांहून जास्त लागतात. त्यात दुःख इतकं ताणलंय की मला मध्येच ऐकणं सोडावं लागलं. मेहतांचं मुद्रण या दोघांच्या मधलं नाही, ते वेगळीकडेच आहे. शेवटच्या भागात गायकवृंद अगदी दबक्या आवाजात प्रवेश करतो, तिथे ते व्हिएन्नाच्या तारवाद्यांना जो मऊपणा देतात तो क्लेंपररला नकोच होता आणि बर्नस्टाइनला पुरला नसता. या एका मुद्रणासाठी तरी मेहतांना ऐकायला हवं, अभिमान नंतर.

1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली. तीवर पाचवी सिंफनीचा फक्त पहिला भाग आहे, क्लेंपरर आणि फिलहार्मोनिया. त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. बाई त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेल्या. कोणाला कधी ती तबकडी सापडलीच तर पाचवी अशी जड पावलांची असते, तिला पुढे भाग नसतात आणि भैरवी साडेतीन मिनिटांत संपते, असं त्यांना वाटेल. 1987 साली माझी स्थिती याहून फार वेगळी नव्हती.

पाचवी मी प्रत्यक्ष ऐकली ती पन्नाशी उलटल्यावर, मुंबईत. मागून तिसरी रांग. हॉर्न कुठे बसतात, ट्रॉम्बोनवाले तीन भाग हात मांडीवर ठेवून कसे बसून राहतात, हे बघण्यातच माझा निम्मा वेळ गेला. पण सगळ्यात आधी घडलं ते वेगळंच. संचालकाने छडी उचलली, जोरात खाली आणली, आणि वाजलं काहीच नाही. तो विराम होता, स्वरलिपीतला पहिला. मग तीन सूर आले. क्लायबर, कारायान, फुर्टवेंगलर, क्लेंपरर, गार्डिनर, एकाच्याही मुद्रणात मला तो ऐकू आला नव्हता. येणं शक्यच नव्हतं. रात्रीच्या गाडीने मलकापूरला उतरेपर्यंत मी फोनवर पाचही सुरुवाती पुन्हा पुन्हा लावून पाहिल्या. पहिल्या सुराच्या आधी, ज्याच्या त्याच्या मुद्रणात, थोडीशी खरखर होती किंवा तीही नव्हती.